पाडव्याचा डबा

सुलेखा, त्या चकल्या कागदी प्लेटमध्येच घाल. या घरातून स्टीलचा डबा बाहेर जात नाही. का ते विचारू नकोस... विचारलंसच! बरं, बसा. श्रीरंग आणि कांचन मंडळाच्या कार्यक्रमाहून परत यायच्या आत सांगून टाकतो, कारण त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नाही. त्यांची दीपा आत झोपलीय, तेव्हा आवाज हळू. आणि राजीव, तुझं ते "कम ऑन, काका" आत्ताच म्हणून घे. नंतर म्हणवणार नाही.

तीन वर्षं झाली. शहाऐंशी साल, नोव्हेंबरची दोन तारीख, रविवार. आपला पाडवा. कांचनचे दिवस भरत आले होते, तरी बाईनं साग्रसंगीत फराळ केला आणि श्रीरंगला पिटाळलं खाणीच्या गावातल्या डॉक्टर शैलेंद्रकडे डबा द्यायला. आपल्या या टूसॉनपासून सव्वाशे मैल, सगळं वाळवंट. तिथे पोचला तर डॉक्टर इमर्जन्सीला गेलेले, दाराला कुलूप. भरला डबा घेऊन स्वारी परत फिरली. डबा कांचनच्या लग्नातला, झाकणावर तिचं नाव कोरलेलं.

त्या तारखेला इथल्या जुन्या गावांत वारलेल्या माणसांचा दिवस असतो. आपली सर्वपित्रीच म्हणा ना. घरात त्यांच्यासाठी जेवण मांडून ठेवतात, कबरी झाडतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. रस्त्यालगत असंच एक कब्रस्तान लागलं. उजेडच उजेड. श्रीरंगला वाटलं, अरे, ही तर आपलीच दिवाळी! गाडी थांबवून तो उतरला. तेव्हा नऊ वीस झाले होते.

माणसं घरी गेली होती. शेवटच्या रांगेत एक कबर मात्र अंधारात. तिच्याजवळ एक बाई बसलेली, डोक्यावरून शाल घेतलेली. एकटीच.

श्रीरंग पडला मऊ मनाचा. पुढे जाऊन त्यानं डबा तिच्या हातात दिला, "आज आमचा सण आहे" म्हणाला. तिनं खाली मान घालूनच विचारलं, "घरी कोण असतं?"

"बायको. एकटीच आहे. पुढच्या आठवड्यात बाळ होईल."

एवढ्यावर थांबावं की नाही? पण आपली सवय जाते का! "डब्याची घाई नाही," म्हणाला, "सावकाश घरी आणून द्या." अनोळखी बाईला. पत्तासुद्धा न देता.

तिनं डबा शालीखाली घेतला. नुसती मान हलवली.

तो गाडीत येऊन बसला. हेडलाइट लावले. उजेड थेट त्या रांगेवर पडला.

बाई नव्हती. डबा नव्हता. लाकडी क्रूस होता, एकच. त्यावर नावं दोन. आईचं... आणि बाळाचं. तारीख एकच.

बाळंतपणात गेलेली, रे.

त्यानं गाडी सोडली ती सुसाट. घर अजून ऐंशी मैल. फोन करायला वाटेतला पंपही बंद. एकच गोष्ट डोक्यात... ती एकटी आहे, हे मीच सांगितलं. मीच घरी बोलावलं.

दहा पस्तीसला पोचला. दारात पणत्या जळत होत्या. दार उघडं.

"कांचन!"

तो आत धावला.

"कांचन!"

"अहो, ओरडताय काय? किचनमध्ये आहे मी."

धडधाकट होती. हसत होती. आणि टेबलावर डबा. धुतलेला. झाकणावर तिचं नाव.

"हा... कोणी आणला?"

"तुमच्याच ओळखीची ना ती? शालवाली. साडेनऊला आली. आत या म्हटलं, तर रांगोळी ओलांडेना. पण रीत बघा हं, डबा रिकामा नाही दिला तिनं."

श्रीरंगनं झाकण काढलं. आत तान्ह्या बाळाची टोपी. लोकरीची. जुनी, पिवळी पडलेली.

"आणि... तू काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार? बाळ झालं की बघायला या म्हटलं."

...

पहाटेच तो परत गेला. टोपी त्या कबरीवर ठेवली, वर हा एवढा दगड ठेवला. आठवड्यानं दीपा झाली. सुखरूप झाली. तरी श्रीरंग रात्र रात्र पाळण्याशी बसून असायचा.

बाराव्या दिवशी बारसं. मी होतो तिथे. खिडक्या बंद. खोलीचं दार बंद, दाराशी श्रीरंग स्वतः उभा. उंबऱ्यावरची रांगोळी जशीच्या तशी. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं पोरगी आत एकटी होती. मग कांचननं दार उघडलं...

दीपा शांत झोपली होती.

डोक्यावर ती टोपी. हनुवटीखाली नाड्यांची गाठ.

सैल मारलेली. बाळाला काचू नये, अशी.