चुन्याचा अंगठा

हे खरं आहे. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सांगताना माझीच खात्री डळमळेल.

मी सत्तरीला आलेला माणूस. चारचौघांत दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली तरी माझा घसा कोरडा पडतो. ही गोष्ट मी घरीसुद्धा कुणाला सांगितलेली नाही. आज लिहितो आहे, तेही घाईने. घाईला कारण आहे.

जागा मुरबाड तालुक्यातली, धसई. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं छोटं वाचनालय आहे. वेळ यंदाच्या मार्चमधल्या एका बुधवारची. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन.

असल्या गोष्टी रात्रीच घडतात, असं मीही वाचत आलो होतो.

शहापूरला कारकुनी करून मी निवृत्त झालो आणि नंतर या वाचनालयात लागलो. आयुष्यात एक दिवस शिकवलं नाही, तरी चष्म्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात. कामाला आम्ही दोघंच. मी आतल्या टेबलावर रजिस्टर लिहायचो आणि भगीरथ पुढे काउंटरवर बसायचा. आमच्याकडे पुस्तकं कुलुपाच्या कपाटात असतात. वाचकाने मागायचं, भगीरथने काढून द्यायचं. त्यामुळे गावाने काय वाचायचं, ते बरंचसं त्याच्या बोलण्यावर ठरायचं.

माणूस वाईट नव्हता. पण माझी एकही वस्तू त्याने माझी राहू दिली नाही.

माझं पेन त्याच्या कानावर. माझी उशी त्याच्या खुर्चीत. माझ्या पेल्यात त्याचा चहा. चष्मा काढून ठेवला की लावून बघायचा.

"मास्तर, यातून तुमाला दिसतं तरी काय वो? मला तर दोन-दोन मास्तर दिसतात."

प्रत्येक वस्तूवर त्याची खूण राहायची. तो तंबाखू मळायचा, त्यामुळे अंगठ्याला कायम चुना. लहानपणी त्या अंगठ्यावर विळा बसला होता, त्याचा आडवा वण होता. माझ्या चष्म्याच्या काचेवर पांढरा ठसा उठायचा आणि त्याच्या मधोमध एक आडवी रेघ.

मी रुमालाने पुसायचो.

पेन, पेला एक वेळ ठीक. पण माझी एक वही होती...

वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल तीत दोन-चार ओळी. तीस वर्षं लिहीत आलो होतो. बायकोलाही कधी दाखवली नाही, म्हणून ती वाचनालयातल्या टेबलातच ठेवायचो.

एका बाजाराच्या दिवशी गोजाबाई आली. ती वरच्या पाड्यावरून भाजी घेऊन येते. साक्षरतेच्या वर्गात जाऊन पन्नाशीत वाचायला शिकली. भगीरथने कपाटातून एक कादंबरी काढली.

"ही ने गो आक्का. यातली सासू वाईट नाय. तिला आयकायला कमी येतं, येवढंच."

"मग माझ्याच घरची हाय म्हण की," गोजाबाई म्हणाली आणि हसत हसत पुस्तक घेऊन गेली.

मी आत रजिस्टरवर पेन टेकवून तसाच बसलो.

ते वाक्य माझं होतं. जसंच्या तसं. वहीतलं.

मग मी कान देऊन ऐकू लागलो. "हे उपाशी पोटानं वाचू नका, पानापानावर जेवणंच हायत." माझं. "या लेखकाला पाऊस कळतो, माणसं नाय कळत." तेही माझंच. लोक काउंटरला कोपर टेकून ऐकायचे. म्हणायचे, "भगीरथ, तू किती वाचतो रे." तो मिशीत हसायचा.

मला राग यायला हवा होता. पण आला तो मत्सर. कारण तीच वाक्यं वहीत निपचित पडलेली असायची आणि त्याच्या तोंडात गेली की चालायला लागायची. ती माझी होती, पण राहायला त्याच्याकडे जात होती.

मी बाजारातून एक छोटं कुलूप आणलं. वही ड्रॉवरमध्ये, किल्ली खिशात.

दुसऱ्याच दिवशी तो टेबलाजवळ आला.

"मास्तर, वही द्या ना घटकाभर. परत जागेवर ठेवतो."

"ती माझी खासगी वही आहे."

"म्हाईत हाय. म्हणून तर वाचतो. तुमी लिवता, पण सांगत नाय. कुणीतरी सांगाया नको का?"

मी मान खाली घालून रजिस्टर लिहीत राहिलो.

पुढच्या बाजाराला गोजाबाईने नव्या पुस्तकाकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यात काय हाय रे?" तो म्हणाला, "नाय म्हाईत." तिने माझ्याकडे पाहिलं. हीच ती वेळ होती. त्या पुस्तकावर तर मी दीड पान लिहिलं होतं.

मी म्हणालो, "चांगलं आहे."

ती पुस्तक न घेताच गेली. आणि भगीरथचा पडलेला चेहरा पाहून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी तो आला नाही. सकाळी अंगणात मिसरी लावत बसलेला असताना पडला, तो उठलाच नाही. मी अंत्ययात्रेला गेलो. हात जोडले. वाकताना खिशातली किल्ली मांडीला टोचली.

महिनाभर मी एकटाच होतो. लोक विचारायचे, मी "चांगलं आहे" म्हणायचो. हळूहळू लोक कमी झाले. वही मात्र मी लिहीतच होतो.

त्या बुधवारी सकाळी मी एका नावाड्याच्या कादंबरीबद्दल लिहिलं, "नावाडी शेवटी बुडत नाही, तो फक्त काठाला कंटाळतो." वाक्य मला आवडलं. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली. कुलूप लावलं. ओढून पाहिलं.

दोन ते चार वाचनालय बंद असतं. दाराला आतून कडी घालून मी डबा उघडला. वीज गेली होती, पंखा बंद होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

खस्स...

पान उलटल्याचा आवाज.

मी घास हातात धरून थांबलो. कपाटं बंद होती. टेबलावर एकही कागद नव्हता.

मग काहीच नाही. बोट जिभेला लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच...

खस्स.

आवाज खालून येत होता. माझ्या पोटाजवळून.

ड्रॉवरमधून.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. आवाज थांबल्यावर मी किल्ली काढली. कुलूप तिसऱ्या खेपेला उघडलं. वही मी ठेवली तशीच होती. तंबाखूचा वास आला... पण मला तसं वाटलंही असेल.

सकाळचं पान उघडलं. खालचा कोपरा ओला होता.

त्यावर चुन्याचा अंगठा. मधोमध आडवी रेघ.

मी पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. त्याच्याही कोपऱ्यावर अंगठा. त्याच्या पुढच्या पानावरही. वहीची उरलेली सगळी कोरी पानं मी शेवटपर्यंत उलटली...

एकही पान सुटलं नव्हतं.

मी अजून न लिहिलेलं कुणीतरी आधीच वाचून ठेवलं होतं.

चार वाजता दार उघडावंच लागलं. पहिली आली ती गोजाबाई. ती महिनाभर लेकीकडे शेणव्याला होती, आजच परतली होती.

"मास्तर, ती नावाड्याची गोष्ट द्या बरं."

ते पुस्तक आदल्याच आठवड्यात आलं होतं. अजून कुणाला दिलंही नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भगीरथनं. स्टँडवर बसलाय ना, तंबाखू मळीत. बोलला, नावाडी शेवटी बुडत नाय गो, निसता काठाला कंटाळतो." ती हसली. "काय बोलतो ना मेला."

तिला काही माहीत नव्हतं. सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. आणि खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो की, भीती मला नंतर वाटली. आधी मनात आलं ते असं की, सकाळी सुचलेलं वाक्य दुपारी तिने ऐकलं, तेसुद्धा त्याच्याच तोंडून. माझ्या बोलण्यावर ती कधी अशी हसली नाही.

पुस्तक देऊन मी स्टँडवर गेलो. बाक रिकामा होता. कडेला चुना पुसल्याची एक पांढरी रेघ होती. पण तिथे कितीतरी लोक तंबाखू मळतात. त्यावरून काय ठरवायचं?

त्या दिवसापासून मी वही लिहिणं सोडलं. कुलूपही काढून टाकलं. ड्रॉवर उघडाच असतो. मनातल्या मनात दोनदा म्हणालोसुद्धा की, घे बाबा, वाच. आवाज पुन्हा आला नाही. मला वाटलं, संपलं.

परवा सकाळी जगदीश आला. भगीरथ गेल्यानंतरच तो मुरबाडहून आमच्याकडे वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणू लागला. गठ्ठा टेकवून तो नेहमीसारखा निघाला नाही. माझ्या टेबलाकडे बघत उभा राहिला.

"मास्तर, तुमच्या वहीत चुन्याचा अंगठा उठतो, खरं काय? कोऱ्या पानांवर पण?"

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. लिहिलीही नव्हती.

"कोण म्हणालं?"

"तुमच्याच इथला माणूस ना तो. मी नाव नाय विचारलं. स्टँडवर पाच-सहा जण बसलेले त्याच्याभोवती." जगदीश दाराबाहेर जाऊन सायकलवर बसला. "भारी सांगत होता पण. अंगावर काटा आला."

म्हणून ही घाई. दोन दिवस बसून लिहितो आहे. निदान ही तरी माझ्या हाताने आधी लोकांपर्यंत जावी.

जगदीशला मी एक विचारायला हवं होतं.

त्या माणसाने शेवट काय सांगितला...