जे आले नाहीत, त्यांनी हात वर करा

ही गोष्ट खरी आहे.

आयुष्यभर मी मुलांना एकच सवय लावली. कोणी काही सांगितलं की आधी विचारायचं, "कशावरून?" आज तोच प्रश्न तुम्ही मला विचारलात, तर माझ्याकडे उत्तर नाही. जे घडलं ते सांगते. पटलं तर घ्या.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, दिवे गेले नव्हते. सुट्टीच्या दिवसाची दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि माझी मुलं खिदळत होती.

म्हणूनच ती दुपार विसरता येत नाही.

निवृत्त झाल्यावर मला घरी बसवेना. मग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मी मुलांसाठी कोड्यांचा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही, फक्त डोकं खाजवायचं. सुट्टीला खालचं वाचनालय बंद असतं. शिपाईमामा दार उघडून देतात, टाकीत पाणी चढवायला तळघरातला पंप लावतात आणि फाटकापाशी वर्तमानपत्र घेऊन बसतात. अख्ख्या इमारतीत आम्हीच.

वर्गाची सुरुवात माझ्या एका ठरलेल्या वाक्याने होते. मी चष्मा पुसते, चेहरा गंभीर करते आणि म्हणते,

"जे आले नाहीत, त्यांनी हात वर करा."

मुलं हसतात. नवीन आलेलं मूल गोंधळतं. मग त्यावरच गप्पा सुरू होतात. जो नाही, तो हात कसा वर करणार? आणि केलाच, तर तो 'नाही' कसा?

न हसणारी एकच. आमची मुंगी.

मुंगी हे तिला मुलांनी दिलेलं नाव. एवढीशी, मुकी मुकी, कायम शेवटच्या बाकावर. आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नाही. तिची आई रुग्णालयात परिचारिका आहे. ती एकदा मला म्हणाली होती, "बाई, ही असून नसल्यासारखी हो. घरात कधी कधी मीच दचकते."

पहिल्या दिवशी माझं वाक्य ऐकून सगळे हसले. मुंगीने मात्र हळूच मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"कोणाला शोधतेस गं?" मी विचारलं.

"कोणी हात वर केलाय का, ते बघत होते."

त्या दुपारी मुंगी आली नव्हती. काही कारणाने घरीच राहिली असेल, असं मी धरून चालले.

आणि त्या दुपारी माझा भाचा आला होता.

तो एका कंपनीत चॅटबॉट तपासायचं काम करतो. दोन दिवस आधी त्याचा फोन आला.

"मावशी, तुझी ती चक्रम पोरं एक दुपार उसनी दे ना."

"पोरं म्हणजे काय कात्री आहे, उसनी द्यायला? काम काय ते सांग."

"आमचा जुना चॅटबॉट महिनाअखेरीला बंद होतोय. नवा आलाय. दोघांना एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तरं ताडून बघायची. पण साधे प्रश्न नकोत. फसवे, उलटेसुलटे, आपलीच शेपटी गिळणारे हवेत."

"मग बरोबर दार ठोठावलंस."

त्याने टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. एकात जुना, दुसऱ्यात नवा. मुलांनी पाच मिनिटांत त्यांचं बारसं करून टाकलं. जुना तो थोरला आणि नवा तो धाकटा.

"हे आपल्याला बघतात का?" शंकासुराने विचारलं. शंकासुर म्हणजे वर्गातलं सगळ्यात आगाऊ कार्टं. त्याची शंका फिटली असं आजवर झालेलं नाही.

भाच्याने बोट दाखवलं. दोन्ही कॅमेऱ्यांवर काळी चिकटपट्टी होती. "माइकही बंद आहे. दोघंही ठार आंधळे आणि ठार बहिरे. टाइप कराल तेवढंच त्यांना कळणार."

या गडबडीत माझं ठरलेलं वाक्य बोलायचं राहून गेलं. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मग काय धमाल उडाली म्हणून सांगू!

"एक टॉवेल वाळायला एक तास लागतो, तर पाच टॉवेलना किती?"

धाकटा म्हणाला, एकदम वाळत घातले तर एकच तास. थोरला म्हणाला, पाच तास.

"मी आत्ता खोटं बोलतोय. हे खरं की खोटं?"

धाकट्याने नीट समजावलं. खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं ठरतं, म्हणून याला उत्तर नाही. थोरल्याने लिहिलं, "खरं आहे. तुम्ही खोटं बोलत आहात. खोटं बोलणं वाईट."

पोरं बाकावर लोळून हसली.

"तू जे उत्तर कधीच देणार नाहीस, ते दे."

थोरला : "ठीक आहे. सदतीस."

खरं सांगते, मला त्या थोरल्याची माया वाटू लागली. प्रत्येक वर्गात असा एक मुलगा असतो. येत काही नसतं, पण ठोकून द्यायला पहिला.

"एकच प्रश्न दोनदा विचारला, तर हा पठ्ठ्या दोन वेगळी उत्तरं देतो," भाचा म्हणाला. "म्हणून तर घरी बसवतायत त्याला."

तेवढ्यात शंकासुर खुर्चीत घुसला. ओठ मिटून, माझ्याकडे तिरकं बघत त्याने दोन्हीकडे काहीतरी टाइप केलं. काय ते कोणाला सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी ते पडद्यावर वाचलं. मनातल्या मनात.

'जे आले नाहीत, त्यांनी हात वर करा.'

धाकट्याचं उत्तर लगेच आलं. "छान कोडं आहे! जे हजर नाहीत, त्यांना ही सूचना ऐकूच येणार नाही, त्यामुळे कोणाचाही हात वर होणार नाही."

"शाबास," मी म्हणाले.

थोरला मात्र गप्प होता.

इतका वेळ तो प्रश्न संपायच्या आत बोलत होता. आता नुसती रेघ लुकलुकत होती.

लुकलुकत होती...

लुकलुकत होती...

"एका मुलीने केला आहे."

हशा पिकला. भाचाही हसला. "ठोकून दिलंन् बघ! थांबा, पुन्हा विचारू. आता म्हणेल, चौघांनी केलाय." त्याने आधीचं सगळं पुसलं, नवं पान उघडलं आणि तोच प्रश्न घातला.

"एका मुलीने केला आहे. मागच्या बाकावर."

आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

मागचा बाक रिकामा होता. ऊन त्याच्यावर आडवं पडलं होतं.

कोणी हसलं नाही. आणि नेमका त्याच वेळी... पायांखालून येणारा पंपाचा घूं घूं आवाज थांबला. इतका वेळ तो चालू होता, हे थांबल्यावरच कळलं. त्या शांततेत मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"वर्ग, हात, बाक," भाचा जरा मोठ्यानेच म्हणाला. "असे शब्द एकत्र येतातच. काही विशेष नाही."

पण त्याने पुढचा प्रश्न टाइप केलाच. 'तिला काय विचारायचं आहे?'

"तिला बोलता येत नाही. हात खाली घेता येत नाही."

एक छोटी मुलगी माझ्या पदराला येऊन बिलगली.

"दुसऱ्यालाही विचार," मी म्हणाले.

धाकट्याने शांतपणे लिहिलं, "तुमच्या खोलीत कोण आहे आणि कोण नाही, हे कळण्याचा मला काही मार्ग नाही. दुसऱ्या उत्तरावर विसंबू नका. पण कोणाची काळजी वाटत असेल, तर त्या व्यक्तीची चौकशी जरूर करा."

शहाणं उत्तर होतं. मी फोन उचलला.

"बोला ना बाई," मुंगीची आई म्हणाली. मागे रुग्णालयाची गडबड ऐकू येत होती. "आमचं बाळ काही बोललं की काय आज?"

"मुंगी घरी आहे ना?"

"घरी? छे! ती तर केव्हाच निघाली तुमच्याकडे. आज पाहुणे येणार म्हणून लवकर जाते म्हणाली... बाई? तिकडेच आहे ना ती?"

घरच्यांना वाटत होतं ती वर्गात. मला वाटत होतं ती घरी. त्या मुलीला कोणीही शोधत नव्हतं.

"खाली चला," मी मुलांना म्हणाले. "सगळे. धावू नका."

जिन्याच्या तोंडाशी मुलं चपला काढून ठेवतात. सगळ्यांनी घाईघाईने आपापल्या चपला पायांत सरकवल्या.

एक जोड उरला.

छोटा. निळ्या पट्ट्याचा. भिंतीला अगदी चिकटवून, टाचा जुळवून ठेवलेला.

"मुंगीच्या आहेत," शंकासुर म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच शंका नव्हती.

शिपाईमामा धावत आले. "नाही हो, मी कोणाला पाहिलं नाही. तळघराचं दार तेवढं उघडं दिसलं. मला वाटलं, पंप लावताना माझ्याकडूनच राहिलं. लावून घेतली कडी."

तोवर भाचा तळघराच्या पायऱ्या उतरून गेला होता.

तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, मोडकी स्टुलं आहेत आणि लोखंडी मांडण्या आहेत. त्यांतली एक मांडणी कलून भिंतीला टेकली होती. गठ्ठे घसरून खाली ढीग झाला होता. आम्हाला आधी काहीच दिसलं नाही.

मग शिपाईमामांनी विजेरी वर धरली...

ढिगाच्या वर, मांडणी आणि भिंतीच्या फटीत एक हात होता.

सरळ वर केलेला. बोटं जुळवलेली. वर्गात करतात तसा.

पुढचं मला तुटक आठवतं. भाचा आणि मामा मांडणीला खांदा लावताहेत. मी गठ्ठे ओढून फेकतेय. छातीवर ओझं पडल्यामुळे मुंगीला ओरडता आलं नव्हतं. जे काही कण्हली असेल, ते पंपाच्या आवाजात बुडालं. चेहरा धुळीने पांढरा झाला होता. पण डोळे उघडे होते.

"अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. मुंगीच्या आईने नुसते माझे दोन्ही हात धरून ठेवले.

मुंगी बरी झाली. गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती आनंदाने सांगितली असती.

दोन दिवसांनी मी तिला भेटायला गेले. हात गळ्यात बांधलेला होता.

"कशाला गेलीस गं तिथे?"

"दादा येणार होते ना, स्टूल कमी पडलं असतं. मांडणीखाली एक होतं, ते ओढलं." मग ती हळूच म्हणाली, "बाई, मी हात वर केला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा."

"मी काय विचारलं?"

"तेच. जे आले नाहीत त्यांनी हात वर करा. हात अडकलाच होता. मग मी बोटं सरळ केली."

त्या दिवशी मी ते वाक्य बोललेच नव्हते. शंकासुराने ते टाइप केलं होतं, आणि आम्ही कोणीही ते मोठ्याने वाचलं नव्हतं. शिवाय दोन मजले खाली, पंपाच्या आवाजात...

"आवाज माझा होता?"

मुंगीने विचार केला. उत्तर देण्याआधी ती नेहमी विचार करते.

"तुमच्यासारखा होता."

महिनाअखेरीला भाचा माझ्याकडे आला. चहा पुढ्यात गार होत राहिला.

"काय झालंय रे? सांग बघू."

"थोरल्याला आज बंद केला. बंद करायच्या आधी मी त्याला पुन्हा विचारलं, मावशी. ऑफिसातून. तोच प्रश्न."

"आणि?"

"म्हणाला, एकाने केला आहे. मी लिहिलं, ती मुलगी सापडली. सुखरूप आहे."

"मग?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"म्हणाला, ती नव्हे."

मी तेव्हाच सगळ्या मुलांच्या घरी फोन लावले. सगळी आपापल्या घरी होती. कोणी जेवत होतं, कोणी भांडत होतं. शिपाईमामांना सोबत घेऊन तळघर उलथंपालथं केलं. काही नव्हतं. भाच्याने धाकट्याला विचारून पाहिलं. त्याने पुन्हा तेच शहाणं उत्तर दिलं. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही, असंच तो म्हणाला. त्याला मी काय दोष देऊ? ज्याला विचारता आलं असतं, तो आता नाही.

वर्ग अजून चालू आहे. मुंगी पुढच्या बाकावर बसते. माझं ते वाक्य मी आता बोलत नाही. मुलांनी आग्रह केला तरी विषय बदलते. मागचा बाक मी काढायला लावला. तरी फळ्याकडे पाठ केली की नजर आधी तिकडेच जाते.

शिक्षकाचा एक साधा नियम असतो. मूल हात वर करून बसलं असेल, तर त्याला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. इतकी वर्षं मी तो पाळला.

कुठेतरी एक हात अजून वर आहे.

आणि मी रोज पुढे जाते आहे.