शेवटची नोंद

आमच्या शब्दकोशाची नक्कल करणारे महाभाग सगळीकडे पसरलेत. अक्कल शून्य, पण कात्री धारदार. त्यांना रंगेहाथ पकडायला आम्ही प्रत्येक आवृत्तीत एक खोटा शब्द घालतो. शेवटचं पान कुणी वाचत नाही, चोर मात्र तेही उचलतो. म्हणून यंदा मी शेवटचाच शब्द घडवला, चहा येईपर्यंतच्या पाच मिनिटांत. ‘ज्ञुरट’. कार्डावर लिहिलं: ‘धुळीच्या रंगाचा कीटक. डावा पंख आखूड. जोडीने राहतो. एकास मारल्यास दुसरा, मारणाऱ्याच्या सर्वांत जवळच्या माणसाच्या कानात शिरतो व’

तेवढ्यात चहा आला. कार्ड तसंच पेटीत गेलं.

तीन महिन्यांनी आमचे मुद्रितशोधक ते घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. साठीचे गृहस्थ, चेहरा कायम पडलेला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, स्वतः एक ओळ लिहिली नाही. मधे रजेवर होते, आणखी मागत होते. का, ते विचारायची मला गरज वाटली नव्हती.

“साहेब, वाक्य अर्धंच आहे. पुढे काय?”

“एवढंही जमत नाही? सुचेल ते लिहा.”

ते हलले नाहीत. माझ्या टेबलाकडे बघत राहिले. कागदांवरून धुळीच्या रंगाचं काहीतरी चाललं होतं. डावा पंख आखूड.

“मारू नका, साहेब.”

असल्या बावळटपणाची मला चीड आहे. मी पेपरवेट उचलला आणि दाबला. वाळक्या पानासारखा आवाज झाला. ते मान खाली घालून निघून गेले.

संध्याकाळी घरी आलो तर बायको उजवा कान चोळत बसली होती.

“दुपारपासून आत काहीतरी चालतंय हो.”

मी बॅटरी मारून पाहिलं. काही दिसलं नाही. “मळ असेल,” म्हणालो.

“मळ चालतो का?”

बाहेरच्या खोलीत येऊन मी मुद्रितशोधकांना फोन लावला.

“त्या नोंदीत पुढे काय लिहिलंत?”

“‘व सहा दिवस राहतो.’ ते पान छापूनही झालं, साहेब.”

“हे कुठून काढलंत?”

“घरातून. गेल्या महिन्यात मीही एक मारला होता, चपलेने. मग बायकोचा कान दुखायला लागला.”

त्यांना बायको होती, हेच मला माहीत नव्हतं.

“आणि सातव्या दिवशी?”

“सातव्या दिवशी मी ऑफिसात होतो. रजा वाढवून द्यायला तुम्ही नाही म्हणालात. घरी गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.”

त्यांनी फोन ठेवला.

आतून बायकोने विचारलं, “कुणाचा फोन?”

“ऑफिसचा.”

“कुणाचा फोन?”

मी मोठ्याने सांगितलं.

ती दाराशी आली. माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघत म्हणाली, “अहो, बोलत का नाही?”