सोमवारचा ताप

आमच्या घरात आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, मला आयुष्यात कधी सर्दी झालेली नाही. धाकटीचं निम्मं आयुष्य सर्दीतच गेलं. कांजिण्यांची साथ आली तेव्हा तिच्या अंगावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती, आणि मी त्याच अंथरुणात तिच्या शेजारी ठणठणीत. तिच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांची बुचं मी जमवायचे, चांगला डबाभर संग्रह होता. आई म्हणायची, "थोरलीच्या वाटणीचं सगळं धाकटीच घेते. जेवण सोडून." त्यावर आम्ही तिघी हसायचो. धाकटी सगळ्यांत जास्त हसायची आणि मग खोकायची.

आता ती शाळेत गाणं शिकवते. गेली तीन वर्षं तिला ताप आला की सोमवारीच येतो. दुपारच्या आत अंग भाजतं, शुक्रवारी ताप उतरतो. मामानं त्याला 'सोमवारचा ताप' असं नावच ठेवलं आहे. "सुट्टीनंतर शाळेत जायचा कंटाळा गं, दुसरं काय," असं तो तिला चिडवतो. पण तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आणखी एक जोराचा ताप ही फुफ्फुसं सोसायची नाहीत."

"मग हळू आवाजातला चालेल का?" धाकटीनं विचारलं.

डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे, आणि तिच्याशिवायचं घर मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

मी विषाणूंच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सर्दी न होणाऱ्या बाईला यापेक्षा बरी नोकरी कुठली? काम समजायला सोपं आहे. तळहाताएवढा प्लास्टिकचा ट्रे, त्यात शहाण्णव खळगे, प्रत्येक खळग्याच्या तळाशी जिवंत पेशींचा पातळ थर. त्यावर कुणाच्या तरी रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, घालायचं आणि मग विषाणूचा थेंब. तीन दिवसांनी जांभळा रंग ओतून ट्रे धुवायचा. पेशी जगल्या असतील तर खळगा जांभळा राहतो, मेल्या असतील तर रंग वाहून जातो आणि तळ लख्ख दिसतो. कुणाचं रक्त तग धरतं आणि कुणाचं लगेच हात टेकतं, हे त्यावरून कळतं. असं का होतं ते मात्र कळत नाही. त्याचा पगार आमच्या मॅडमना मिळतो.

प्रत्येक ट्रेमध्ये एक ओळ खात्रीच्या सीरमची लागते, कधीही न हरणाऱ्या. ती ओळ बिघडली तर अख्खा ट्रे बाद. आमच्याकडे ती ओळ माझी. बाहेरून विकत आणायची कटकट नको, म्हणून तीन वर्षांपूर्वी, मी रुजू झाल्या झाल्या, मॅडमनी माझंच रक्त घेतलं आणि तेव्हापासून ते एकदाही हरलं नाही. मागच्या वर्षी त्यांनी एक छापील कागद पुढे केला, मी न वाचता सही ठोकली आणि पिशवीभर रक्त दिलं. "तू म्हणजे आमचा दगड आहेस," मॅडम म्हणाल्या. मी दिवसभर मिरवत होते.

डॉक्टरांचं ते वाक्य ऐकल्यावर मी धाकटीचं रक्त प्रयोगशाळेत नेलं. तिच्यात काय कमी आहे ते सापडलं तर ते भरून काढता येईल, असा माझा साधा हिशेब होता. सोमवारी अकराच्या सुमाराला ट्रे लावला. वरची ओळ माझी, विषाणू घातलेली. खाली धाकटीच्या दोन ओळी, एकीत विषाणू, दुसरीत नुसतंच सीरम.

गुरुवारी रंग ओतला. माझी ओळ जांभळीगर्द. धाकटीच्या दोन्ही ओळी लख्ख.

नुसत्या सीरमच्या ओळीत विषाणू घातलाच नव्हता, मग तिथल्या पेशी मेल्या कशानं? माझा हात हलला असणार, थेंब उडाला असणार. मी स्वतःला दोन शेलक्या शिव्या दिल्या आणि पुढच्या सोमवारी मधे चार ओळी मोकळ्या सोडल्या. तरी तेच. मग दोघींचे ट्रे वेगळे केले. माझा ट्रे उबवणीच्या एका कपाटात, तिचा जिन्यापलीकडच्या खोलीतल्या कपाटात. तिच्या ट्रेसाठी तर मी विषाणूची बाटली उघडलीही नाही.

तिच्या ट्रेमधला एकही खळगा जांभळा राहिला नाही.

शेवटी मी एक ट्रे फक्त धाकटीचा लावला आणि त्या आठवड्यात माझं सीरम फ्रीजरमधून काढलंच नाही. खात्रीची ओळ नसलेला ट्रे म्हणजे आमच्या धंद्यात थट्टाच. या वेळी तिच्या रक्तावर मी दुप्पट विषाणू घातला.

गुरुवारी सगळे खळगे जांभळे होते.

मी एकेक खळगा पुन्हा तपासला. तिच्यात काहीच कमी नव्हतं. माझ्या बहिणीचं रक्त माझ्याइतकंच चिवट होतं.

घरी जाऊन तिच्या डॉक्टरांची फाइल काढली आणि माझ्या कामाच्या वहीशेजारी ठेवली. तीन वर्षांतला तिचा प्रत्येक ताप माझ्या ट्रेच्या सोमवारी आला होता, आताच्या पहिल्या तीन ट्रेंच्या वेळची बारीक कणकणसुद्धा. मी रजेवर होते त्या सोमवारीसुद्धा ती आजारी होती. मी नव्हते, पण माझं सीरम होतं, आणि ट्रे मॅडमनी लावला होता. आईचा तो जुना विनोद आठवला: थोरलीच्या वाटणीचं सगळं धाकटीच घेते.

दुसऱ्या दिवशी फ्रीजरमधल्या माझ्या सगळ्या नळ्या मी काढल्या, वाफेच्या भांड्यात उकळल्या आणि टाकून दिल्या. मॅडमना सांगितलं, वीज गेली होती, खराब झाल्या. आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले तेही अडखळत. बाहेरचं खात्रीचं सीरम मागवलं. स्वतः दोन-दोन मास्क लावायला लागले, कुणी शिंकलं की खोलीबाहेर जायचे. "दगडाला घाम फुटला!" म्हणून सगळे खिदळायचे. खिदळा म्हटलं, खुशाल खिदळा.

पहिला सोमवार तापाशिवाय गेला. दुसराही.

चौथ्या सोमवारी धाकटी तीन जिने न थांबता चढून आली आणि दारातच वरच्या पट्टीतली तान घेतली. शेजारच्या काकू दार उघडून बघायला आल्या. आई रडली. मामानं जाहीर केलं की आता सोमवारचा ताप शाळेच्या मुख्याध्यापिकांना येणार. त्या दिवशी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो, आणि धाकटी एकदाही खोकली नाही. मी इतकी सुखी कधी झाले नव्हते.

आज गुरुवार. पावणेअकराच्या सुमाराला मॅडम नाचतच आत आल्या.

"अगं, तू तर गाजलीस! तुझ्या नळ्या खराब झाल्या म्हणून तोंड पाडून बसली होतीस ना? पिशवीभर रक्त काय आपल्या एवढ्याशा फ्रीजरसाठी घेतलं होतं? तेव्हाच वाटून पाठवलंय सगळीकडे. मंजुरी तेवढी बाकी होती, ती काल आली."

"सगळीकडे म्हणजे?"

"बासष्ट प्रयोगशाळा. आजपासून सगळ्यांची खात्रीची ओळ तू. सही केली होतीस की!"

"मॅडम, ते परत मागवता येईल?"

"वेडी आहेस का? पंधरा वर्षं पुरेल इतकं आहे."

"कुठल्या वारी लावतात ते ट्रे?"

"ज्याला जेव्हा सोयीचं असेल तेव्हा. रोज कुठे ना कुठे लागणारच."

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. मी खुर्चीत बसले. मॅडम माझी पाठ थोपटून गेल्या.

सव्वाअकराला फोन वाजला. धाकटी शाळेतून बोलत होती. मागे मुलं गात होती, आणि तिच्या आवाजात नेहमीचं हसू होतं.

"ताई, आज गुरुवारच आहे ना गं?"

"हो."

"बघ ना गंमत," ती म्हणाली आणि खोकली. "मला अगदी सोमवारसारखं वाटतंय."