मांडीची खोली

ईश्वरी सात महिन्यांची आहे आणि मांडीखेरीज झोपत नाही. पाळण्यात ठेवली की पाठ टेकायच्या आत डोळे उघडते आणि माझ्याकडे असं बघते, जणू मी तिला कुठं तरी सोडूनच निघाले होते. श्रीराम मालगाडीवर गार्ड आहे. पूर्णेहून निघाला की परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. सासर लातूरकडं, माहेर वाशीमला. त्यामुळे एका हातानं कणीक मळायची, एका हातानं केस विंचरायचे, एका हातानं जेवायचं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलंय; पण दोन्ही हात एकदम रिकामे असले की कसं वाटतं, ते पार विसरून गेले होते.

शेजारच्या क्वार्टरमधली सुकेशनी शाळेत शिकवते. तीच मला भगिनी सेवा मंडळात घेऊन गेली.

"तुला हात पायजेत ना? तिथं हातच हात हायेत. चल."

मंडळाला यंदा पंच्याहत्तर वर्षं झाली. पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायला बाया तासन्‌तास खोळंबायच्या. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. त्यांना अंघोळ करता यावी, चार घास खाता यावेत, घटकाभर डोळा लागावा, म्हणून गावातल्या बायकांनी स्टेशनामागं एक खोली घेतली आणि परक्यांची लेकरं मांडीवर घेऊन बसू लागल्या. त्या कामाचं नावच पडलं, 'मांडी देणं'. आता त्या दवाखान्यात जाऊन बाळंतिणींना मांडी देतात. खोली मात्र तीच आहे. बाहेर पत्र्याची पडवी, आत शहाबादी फरशी. दार एकच. उन्हाळ्यातही गार आणि कायम अंधारी.

नियम एकच. लेकरू देणारीनं 'दिलं' म्हणायचं आणि समोरून 'घेतलं' ऐकू आल्याशिवाय हात सोडायचा नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. लेकरू म्हणजे काय पोस्टाचं पार्सल?

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं, म्हणून मी अध्यक्ष नर्मदाबाईंना विचारलं, हा नियम कधीपासूनचा? त्या नव्वदीला टेकल्यात. मांडीवर कापूस घेऊन वाती वळत होत्या.

"सुरवातीपासून. तवा कंदिलावर काम चालायचं. एकीनं सोडलं, दुसरीनं धरलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय? खाली फरशी हाय की."

मी मांडीवरच्या ईश्वरीला नकळत घट्ट धरलं. "आणि घेणाऱ्या बाई?"

"बसून राहिली. मांडी घालून, हात असे पुढं करून. उठव उठव उठवलं, उठंचना." त्यांच्या हातातली वात तुटली. "हे नको लिहू, माय. आनंदाचं काम हाय. चांगलं लिही."

मी ते लिहिलं नाही.

कार्यक्रम चैत्रातल्या दुपारी होता. खोलीसमोर मंडप घातलेला, दारात रांगोळी, कुलर नुसतीच गरम हवा फेकत होता. जुन्या कार्यकर्त्यांचे सत्कार चालले होते. इतिहास वाचायला माझं नाव पुकारलं आणि नेमकी त्याच वेळी ईश्वरी किंचाळायला लागली.

"लांबवू नको गं," मंडळातल्या मालनबाई मागून म्हणाल्या. "मठ्ठा गरम व्हायलाय."

"आत असंल कोणी तरी," सुकेशनी मला ढकलत म्हणाली. "दे जा पटकन."

भर उन्हातून आत गेले तेव्हा डोळ्यांपुढं हिरवे-काळे ठिपके नाचत होते. भिंतीशी कुणी तरी बसलेलं होतं. पदराची कड तेवढी दिसली. मी वाकून हात पुढं केले.

"दिलं."

"घेतलं."

आवाज हळू होता, थकलेला. माझ्या हातांवरचं वजन उचललं गेलं. सुटलं नाही, उचललं गेलं. हे मला अगदी नेमकं सांगायचंय. ईश्वरीचं रडणं मधेच थांबलं.

मी छान वाचलं. कागद दोन्ही हातांनी धरता आला, याचाच केवढा आनंद झाला होता! वाचून झाल्यावर नर्मदाबाई म्हणाल्या, आता सगळ्या जणी उभ्या ऱ्हा. मंडळाच्या साऱ्या बायका मंचावर ओळीनं उभ्या राहिल्या. सगळ्यांनी एकसारखी मोरपंखी साडी नेसली होती. टाळ्या झाल्या.

सुकेशनी माझ्या कानाशी म्हणाली, "ईश्वरीला कुणाकडं दिलंस?"

"आत बसल्यात ना, त्या..."

मी ओळ पाहिली. सगळ्या होत्या. मालनबाई, कमलबाई, पार टोकाला काठी टेकून उभ्या नर्मदाबाई. कुणीच कमी नव्हतं.

मी धावले.

ईश्वरी भिंतीशी सतरंजीवर झोपली होती. डोकं किंचित वर, कुणाच्या दंडावर टेकल्यासारखं. मी नीट पाहिलं. डोक्याखाली सतरंजीची घडी आली होती.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

तिला उचलायला गेले. ती येईना. काखेत हात घालून ओढलं, तरी येईना.

"ओढू नको." नर्मदाबाई काठी टेकत दारात येऊन थांबल्या होत्या. "'आण' म्हण. आन् थांब."

"आण," मी म्हटलं.

बाहेर माइक खरखरत होता. भिंतीकडून तोच थकलेला आवाज आला.

"दिलं."

"घेतलं," मी म्हटलं, आणि माझी लेक अलगद माझ्या हातांत आली. तिच्या जावळाला कोळशाच्या धुराचा वास होता. पूर्णेतून कोळशाची इंजिनं गेली, तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता.

"बरं सांभाळलंस, माय," नर्मदाबाई म्हणाल्या. मला वाटलं, मलाच. पण त्या भिंतीकडं बघत होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. ह्यो 'दिलं' शब्द ह्या खोलीतला हाय. घरी एकटी असताना काढायचा न्हाई."

झोप न झालेल्या माणसाला आवाज ऐकू येतात, हे मी वाचलेलं आहे. महिनाभर मी स्वतःला तेच सांगत होते.

स्मरणिका नर्मदाबाईंना आवडली. आता मंडळाचं अख्खं पुस्तकच लिही म्हणाल्या. कधी लिहायचं? एका दुपारी ईश्वरी रडत होती आणि तिला घेऊन उभी असलेली मीही रडत होते. आतल्या खोलीत ऊन नको म्हणून पडदे ओढलेले. हात कधी पुढं झाले कळलं नाही. 'दिलं' तोंडून निघून गेलं.

"घेतलं."

तेव्हापासून दुपारी मी लिहिते. दोन्ही हात टेबलावर. आतून पाठ थापटल्याचा आवाज येत असतो, मऊ, एका लयीत. ईश्वरीनं बाळसं धरलंय. सुकेशनी म्हणते, "लय गुणाची झाली गं पोरगी. आता रडतच न्हाई."

सुरुवातीला 'आण' म्हटलं की लगेच 'दिलं' ऐकू यायचं. अलीकडं जरा थांबावं लागतं. मीही घाई करत नाही. किती वर्षं रिकामे राहिलेले हात आहेत ते.

आत्ताच दाराशी जाऊन आले. हात पुढं केले, 'आण' म्हटलं.

थापटणं थांबलं.

मग पुन्हा सुरू झालं.