बटण सोडू नकोस

हां, आधी ते मोबाइल पालथे ठेवा. सगळ्यांनी. धाकटे, तू पण. आणि कुणाला पाणी प्यायला जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, नंतर एकट्याने स्वयंपाकघरात जायची तुमची छाती होणार नाही. हसा, हसा. तासाभराने बघतो किती हसताय ते.

ही माझ्यावर बेतलेली गोष्ट नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका पोराची आहे, आणि त्याने ती मला रडत सांगितली, म्हणून मी खरी मानतो. तुम्ही मानू नका, माझं काही अडत नाही. मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचो तेव्हा हा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. काम काय, तर व्हिडिओ गेम खेळायचे आणि त्यांच्यावर लिहायचं. नवा गेम बाजारात यायच्या आधी कंपनी ह्याला पाठवायची. हा तो शेवटपर्यंत खेळायचा, परीक्षण लिहायचा आणि दहापैकी मार्क द्यायचा. मार्क देतो म्हणून आम्ही त्याला गुरुजी म्हणायचो.

"मजा आहे की मामा," असं कोण म्हणालं? तू ना? वाटलंच. अरे, त्याचे सासरेसुद्धा चारचौघांत "जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत" एवढंच सांगायचे, पुढे विषय बदलायचे. मजा कसली! एकाच भिंतीवरून दिवसभर पडत बसायचं, डोळे लाल, मनगटाला पट्टा, आणि बायको म्हणते बाळाला घे, तर हा म्हणतो थांब, हा राक्षस मरू दे. छापून आलं की मार्क कमी दिले म्हणून वाचक शिव्या घालणार, जास्त दिले तर म्हणणार पैसे खाल्ले. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत. पण पोरगं मनापासून करायचं. न संपवता गेमवर एक ओळ लिहायचा नाही.

त्याचा एक जोडीदार होता. ह्याने खेळायचं, त्याने त्याचे व्हिडिओ जोडून वेबसाइटवर टाकायचे. बाटलीच्या बुडासारखा चष्मा, म्हणून ढापण्या. लग्न झालेलं नव्हतं, गावाच्या पार टोकाला कालव्यापलीकडे आईबरोबर राहायचा. दोघांचं असं गूळपीठ की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा.

तर डिसेंबरातला दुसरा गुरुवार. धुकं असं की समोरच्या दुकानाची पाटी वाचता येईना. एक मोठा गेम उशिरा हातात आलेला. शुक्रवारी सकाळी सहाला बंदी उठणार होती. म्हणजे कसं, की कंपनी सगळ्या पेपरांना एक वेळ देते, त्या मिनिटाला सगळ्यांची परीक्षणं बाहेर पडतात. उशीर झाला तर तुमचं परीक्षण कुत्रंसुद्धा वाचत नाही. गुरुजीला त्याआधी दोनदा उशीर झाला होता. आमच्या संपादक बाई, त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, "तिसऱ्यांदा झालं तर टेबल रिकामं करून जायचं." घरात आठ महिन्यांचं बाळ, बायकोची नोकरी सुटलेली.

हा गेम दोघांनीच खेळायचा होता. कंपनीने गेम उघडायचे दोन कोड दिलेले, एक ह्याचा, एक ढापण्याचा. ढापण्याचा हातातला बटणांचा कंट्रोलर बिघडला होता म्हणून तो गुरुजीकडचा जादा कंट्रोलर न्यायला रात्री त्याच्या घरी आला. उभ्याउभ्या चहा प्यायला. वहिनी म्हणाली, "धुकं केवढं आहे, झोप की इथेच."

"इथे झोपलो तर दुसरी स्क्रीन काय तुमच्या पोळपाटावर लावू, वहिनी?" म्हणाला. कंट्रोलर जाकिटात कोंबला. "पोचलो की येतोच गेममध्ये. दार उघडं ठेव रे."

सव्वादहाला त्याने गाडीला किक मारली.

आता मी तुमच्यापासून काही लपवत नाही. ढापण्या घरी पोचला नाही. कालव्याच्या वळणावर गाडी घसरली आणि हा उतारावरून खाली गेला. अर्धा गवतात, अर्धा पाण्यात. पाय मोडलेला, डोकं फुटलेलं, थंडी मरणाची. वरून रस्त्याने जाणाऱ्याला दिसणार नाही असा. आणि हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. एवढं ध्यानात ठेवा आणि पुढे ऐका.

गुरुजी स्वयंपाकघरात बसला, बाळ उठायला नको म्हणून कानाला हेडफोन. गेम असा की दोन माणसं हातात कंदील घेऊन रात्री दलदल पार करतात. एक पडला की दुसऱ्याने त्याच्याजवळ बसायचं, त्याचा हात धरायचा आणि बटण दाबून ठेवायचं. हाताभोवती एक पांढरं कडं हळूहळू भरत जातं. पूर्ण भरलं की पडलेला उठतो. आणि नाही उचलायचं, तर खाली प्रश्न येतो, 'एकट्याने पुढे जायचं?' हो म्हटलं की सोबती गेला. कायमचा. पुन्हा मिळत नाही.

साडेअकराच्या सुमाराला दुसरा कंदीलवाला आला.

"आलास का? केवढा उशीर!" गुरुजी माइकवर म्हणाला. उत्तर नाही. त्याला वाटलं, ह्याचा माइकही गेला वाटतं. खेळायला लागले. पण ढापण्या एरवी गेममध्ये माकडासारखा. उड्या मारणार, भिंतीवर डोकं आपटणार, मुद्दाम ह्याला पाण्यात ढकलणार. त्या रात्री तो नुसता उभा. दोन पावलं चालायचा आणि पडायचा. जवळ शत्रू नाही, खड्डा नाही. आपला पडायचा.

गुरुजीने उचलला. पुन्हा पडला. पुन्हा उचलला. असं किती वेळा, विचारू नका. "झोपलास काय रे रताळ्या," म्हणून शिव्या घालून झाल्या. मेसेज केले. काही नाही.

दोन वाजून गेले. समोर पूल दिसत होता. पूल ओलांडला की गेम संपला, मग लिहायला तीनेक तास. सहज जमलं असतं. आणि हा पठ्ठ्या अलीकडे पडलेला. खाली प्रश्न आला. 'एकट्याने पुढे जायचं?'

गुरुजीने मला सांगितलं, "काका, अंगठा 'हो'वर ठेवला होता मी. खोटं कशाला बोलू. बाळ डोळ्यांसमोर येत होतं, बाईंचं ते टेबल येत होतं. म्हटलं, गेममधलाच तर ढापण्या आहे. सकाळी माफी मागू."

मग त्याच्या मनात आलं, निदान सांगून तरी सोडू. तोवर त्याने एका हाताने उचलायचं बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने ढापण्याला फोन लावला.

रिंग जात होती...

आणि हेडफोनमध्ये, गेमच्या बाजूने, एक फोन वाजायला लागला.

ढापण्याचाच. ती त्याची फालतू रिंगटोन अख्ख्या ऑफिसला पाठ होती. पण खोलीत वाजल्यासारखी नाही. उघड्यावर. लांबून. तिच्यामागे वारा. गवत सळसळतंय. पाणी वाहतंय. आणि कुणीतरी अगदी बारीक श्वास घेतंय... सोडतंय...

गुरुजीने फोन कापला. रिंगटोन थांबली.

पुन्हा लावला. वाजली.

त्याने हाक मारली तशी बायको उठून आली. तिला हेडफोनचा एक कान दिला. तिने ऐकलं. हेडफोन परत देत म्हणाली, "हा घरात नाहीये."

तिने ढापण्याच्या आईला फोन केला. म्हातारी झोपेतून उठली, म्हणाली, "तुमच्याकडेच आहे ना गं? त्याची खोली बंद आहे. आलाच नाही तो." मग पोलीस. मग अॅम्ब्युलन्स. पोलीस म्हणाले गाडी पाठवतो, पण एवढा रस्ता, असं धुकं, नेमका कुठे बघायचा? उजाडलं की दिसेल. गुरुजी उठायला लागला. मी जातो, म्हणाला, मी शोधतो. उठताना अंगठा सुटला.

कडं सरसर रिकामं झालं. हेडफोनमधला श्वास थांबला.

...

"बस," बायको म्हणाली. "खाली बस. दाबून ठेव."

"अगं पण हा नुसता..."

"मला नाही कळत काय आहे ते. दाबून ठेव. बटण सोडू नकोस."

त्याने दाबलं. कडं भरायला लागलं. श्वास आला.

मग ती पोलिसांना फोन करत राहिली, आणि हा दाबत राहिला. उठायचा, पडायचा. उठायचा, पडायचा. तीन वाजले. साडेतीन. तेव्हा बायकोच्या लक्षात आलं. म्हणाली, "तो आधी त्या झुडपापाशी होता ना?"

होता. आता नव्हता. दर वेळी पडला की थोडा मागे सरकलेला असायचा. पाण्याकडे. डोकं गुरुजीकडे, पाय पाण्याकडे. आणि कडं आता सरळ भरत नव्हतं. भरायचं... आणि मागे यायचं. भरायचं... मागे यायचं. रस्सीखेच चालते ना, तसं.

त्या गेममध्ये दोनच माणसं होती बरं का. तिसरं कुणी नव्हतंच.

चार. अंगठा आखडला. बायकोने त्याच्यावर आपला अंगठा ठेवला. बाळ मांडीवर. दिवा लावायला कुणी उठलं नाही. प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. एकट्याने पुढे जायचं? एकट्याने पुढे जायचं? पूल समोर...

पाच.

ढापण्याचे पाय पाण्यात गेले.

गुडघे गेले.

"नाही सोडणार," गुरुजी माइकवर म्हणत होता. "ऐकतोयस ना? नाही सोडणार. नाही सोडणार रे."

सहा वाजले. फोन टेबलावर थरथरला. बाई. थांबला. पुन्हा थरथरला. दोघांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

खिडकी पांढुरकी झाली. आणि एकदम... कडं भरलं. ढापण्या उठला. आपला आपण उठला. कंदील खाली ठेवला. गुरुजीकडे तोंड करून उभा राहिला. मग दिसेनासा झाला. स्क्रीनवर अक्षरं आली, 'सोबती निघून गेला आहे.'

गुरुजी म्हणतो, तेव्हा जसा मी ओरडलो तसा जन्मात ओरडलो नव्हतो. बाळ किंचाळत उठलं. नवराबायको फरशीवर बसून रडत होते. संपलं, असंच दोघांना वाटलं.

वीस मिनिटांनी पोलिसांचा फोन आला. सापडला. जिवंत आहे. आमच्याच पेपरचे गठ्ठे नेणारा ड्रायव्हर लघवीला वळणावर उतरला, त्याला खाली गवतात गाडीचं चाक दिसलं. देवच पावला म्हणायचं. डॉक्टरांनी आईला सांगितलं की एवढ्या थंडीत, एवढं रक्त गेल्यावर माणूस दोन-तीन तासांवर टिकत नाही. हा रात्रभर कसा टिकला, आम्हाला सांगता येणार नाही.

बाईंनी टेबल रिकामं करायला लावलं का? लावलं. मी त्या दिवशी त्यांच्याशी कडाकडा भांडलो, पण त्यांना काय सांगणार होतो, कप्पाळ? पुढे कंपनीकडून कळलं की ढापण्याचा कोड त्या रात्री वापरलाच गेला नव्हता. कंट्रोलर त्याच्या जाकिटात तसाच होता, चिखलाने भरलेला. गुरुजी आता घरून लिहितो, मिळेल तिथे. कमी मिळतं, पण चाललंय. दोघांनी मिळून खेळायचा गेम तो घेत नाही. आणि रोज झोपायच्या आधी ढापण्याला फोन करतो. "आहेस?" "आहे." एवढंच, आणि ठेवतो.

शुद्धीवर आल्यावर ढापण्या त्याला म्हणाला होता, "तू हात धरून ओढत होतास ते कळत होतं मला. पण पायाला कोण होतं रे?"

त्याच्या डाव्या घोट्यावर डाग होता, काळानिळा. डॉक्टर म्हणाले, गवताचा वेढा बसला असेल. मी दवाखान्यात गेलो होतो, मी पाहिलाय. चार बोटं बाहेरून, अंगठा आतून. गवताला अंगठा असतो का, तुम्हीच सांगा.

त्याला आता चार वर्षं होतील. गेल्या आठवड्यात ढापण्या मला भेटायला आला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, हसला, सगळं झालं. जाताना दारात थांबला. म्हणाला, "काका, एक दाखवतो. पण गुरुजीला सांगू नका. त्याला वाटेल, त्याने बटण सोडलं."

त्याने पँट वर केली. घोटा स्वच्छ होता. पोटरीवरही काही नव्हतं. अजून वर केली... बोटांचा तो डाग गुडघ्याच्या वर होता.