टिपणीसाने न ऐकलेला प्रश्न

हेमांगी ढगेला पुढे पीएच.डी. मिळाली. पेढे वाटून झाले, खोका रिकामा झाला. पण हे आपण ऐकलंच नाही असं समजू या. कारण नोव्हेंबरातल्या त्या सोमवारी माहितीशास्त्र विभागाच्या यंत्रकक्षात उभी असलेली हेमांगी पेढ्यांचा विचार करत नव्हती. तिला कानडे सरांचं शेवटचं बोलणं हवं होतं.

कानडे सर तिचे मार्गदर्शक. निवृत्त झाल्यावरही या एका विद्यार्थिनीसाठी रोज दुपारी एकला विभागात यायचे. गुरुवारी तिच्याशी चर्चा करून ते हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, आणि रांगेतच गेले. टोकन हातात होतं. बँकेने पुढचा नंबर पुकारला.

विद्यापीठाने प्रत्येक टेबलावर एक ‘टिपणीस’ बसवला होता. साबणदाणीएवढं टिपणयंत्र, चर्चा ऐकायचं, संदर्भ शोधायचं, नोंदी ठेवायचं. त्याचं गुरुवारचं पान कोरं होतं.

“चाळीस मिनिटं बोललो आम्ही, तांबोळी मॅडम. कोरं कसं?”

“कोरं नाही गं, अपेक्षित आहे,” शबाना तांबोळी म्हणाल्या. सगळे टिपणीस त्यांच्या देखरेखीखाली होते. “हा सगळं लिहीत नाही. माणूस पुढे काय बोलणार याचा आधी अंदाज बांधतो. अंदाज चुकला की नवलांक चढतो, आणि तेव्हाच नोंद होते. तुझ्या सरांना त्याने चार वर्षं ऐकलंय. पाठ झाले होते ते त्याला.”

“मूळ आवाज तरी असेल?”

“अंदाज बरोबर आला की पुसतो. जागा वाचते.”

“कुणाला हवी होती जागा?”

“मला तर नको होती, बाई.”

हेमांगीला पहिल्या वर्षाची पानं आठवली. तेव्हा सरांचं सगळंच नवं. चर्चा संपवताना विचारलेलं “जेवलीस का?” देखील टिपणीसाने रीतसर नोंदवलं होतं, खाली कुपोषणावरचे तीन शोधनिबंध जोडून. आठवडाभरात तो प्रश्न पानावरून गेला. सर मात्र रोज विचारत राहिले, आणि ती पडद्यावरून मान न वळवता “हो सर” म्हणत राहिली, जेवली असो वा नसो.

“बुधवारी मी खेकसले त्यांच्यावर,” ती म्हणाली. “म्हटलं, सर, रोज काय तेच! टिपणीससुद्धा लिहीत नाही आता. ते हसले, म्हणाले, ‘असं? बघू.’ गुरुवारी विचारलंच नाही त्यांनी. रागावून गेले का, एवढंच बघायचंय मला.”

तांबोळी मॅडमनी पान खाली सरकवलं. “थांब. तळाला आहे एक.”

‘१.३९. अपेक्षित प्रश्न “जेवलीस का?” आला नाही. सात सेकंद शांतता. नवलांक चार वर्षांतला सर्वोच्च. नोंद कायम.’

“म्हणजे रागावलेच.”

“वेडी आहेस का? नवलांकाचं सूत्र कुणी बसवलं?”

कानडे सरांनी. तिनेच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात तसं लिहिलं होतं. रोजचा प्रश्न या यंत्राच्या वहीत घालायचा तर एकच वाट होती: तो विचारायचा नाही. सर ते सात सेकंद हसू दाबून बसले असणार. शुक्रवारी येऊन तिला पान दाखवायचं, असा त्यांचा बेत असणार.

हेमांगीने ती ओळ पुन्हा वाचली.

“डबा आणलायस?” तांबोळी मॅडमनी विचारलं. त्यांच्या तोंडी हे नवीन होतं. कोपऱ्यातल्या टिपणीसाने लगेच नोंद घेतली.

दुपारी हेमांगीने कुलसचिवांकडे अर्ज दिला.

‘विषय: दिवंगत मार्गदर्शकांच्या कायम नोंदीत एक ओळ वाढवण्याबाबत.

महोदय, सदर नोंदीतील सात सेकंदांच्या रिकाम्या जागेत “नाही सर, चला, बरोबरच जेवू” हे अर्जदाराचे उत्तर समाविष्ट करावे. त्याची एक प्रत प्रा. विश्वंभर कानडे यांना बँकेत पोहोचण्यापूर्वी मिळेल अशा बेताने पाठवावी व त्यांच्या सहीची पोच अर्जदारास द्यावी, ही नम्र विनंती.’